४९ युरो ४० सेंटचा एक तुकडा

आधीच सांगतो, हे सगळं बीफबद्दल आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी इथूनच परत फिरावं, राग नाही.

मी वसईचा, गासचा. आमच्याकडे रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून आलं की घरात कुकरच्या शिट्ट्या सुरू व्हायच्या. कधी कोंबडी, कधी डुक्कर, कधी बड्याचं. बड्याचं म्हणजे बीफ: लहान तुकडे, भरपूर कांदा, बाटली मसाला, आणि आई म्हणेल तितक्या शिट्ट्या. आठ, दहा. मांस बोटांनी तुटलं पाहिजे, हा एकच निकष. २०१५च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात गाईपाठोपाठ बैलाचंही मांस बंद झालं, म्हशीचं तेवढं राहिलं; आईच्या रश्श्याला त्याने फारसा फरक पडला नाही, दोन शिट्ट्या वाढल्या. एवढ्या शिदोरीवर मी नऊ वर्षांपूर्वी आयर्लंडला, कॉर्कला आलो. जाडजूड तुकडा, म्हणजे स्टेक, नुसत्या मिठावर भाजून आत गुलाबी ठेवून खायचा, हे मला पहिली दोन वर्षं कच्चेपणाच वाटायचं.

यंदा ईस्टरला आई इथे होती. तिला खाऊ घालायचं म्हणून मी हट्टाने एक मोठा स्टेक केला. फासळीसकट, एक किलो तीनशे ग्रॅमचा, पस्तीस दिवस टांगून मुरवलेला. ३८ युरो किलो, म्हणजे ४९ युरो ४० सेंट. आईने मनातल्या मनात रुपये केले आणि खुर्ची ओढून बसली.

त्याआधीचा फसलेला प्रयोग सांगतो, कारण त्यातूनच शिकलो. दोन वर्षांपूर्वी एका मोठ्या दुकानातून काळ्या खोक्यातला स्टेक आणला होता. वर सोनेरी अक्षरांत '२१ दिवस मुरवलेला'. घरी पिशवी कापली तर तळाशी अर्धी वाटी लालसर पाणी, आणि वास ओल्या पत्र्यासारखा. तव्यावर टाकला तर भाजण्याऐवजी उकळायलाच लागला. चूक लेबलाची नव्हती, माझ्या वाचण्याची होती. 'मुरवलेला' असं लिहिलं म्हणजे 'कोरडा मुरवलेला' असं होत नाही. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत मांस तीन आठवडे ठेवलं तरी ते मुरतंच, मऊही होतं. पण पाणी जायला वाट नसते, चव दाट होत नाही. कोरडं मुरवायचं म्हणजे फासळ्यांचा अख्खा भाग उघडा ठेवायचा, एक ते तीन अंश थंडीत, पंख्याच्या वाऱ्यात. बाहेरचा थर काळपट, खडखडीत होतो आणि विकताना तो तासून फेकावा लागतो. पाण्याचं वजन गेलं, तासलेलं गेलं, वर खोली अडकून पडली. किंमत वाढते ती यामुळे.

आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग बोंबलासारखंच की."

अगदी तसं नाही. आपले बोंबील वलांडीवर उन्हात खडखडीत होतात, अख्खे. इथे ऊन नाही, मीठही नाही, आणि सुकतो फक्त वरचा थर. आतल्या मांसात त्याचीच विकरं, म्हणजे एन्झाइम, हळूहळू स्नायूंचे धागे सैल करत असतात. कोवळेपणाचं बरंचसं काम पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उरकतं. त्यापुढचे दिवस चवीसाठी. लोणी कढवून तूप केलं की भांड्याच्या तळाशी बेरी राहते ना, तिचा जो वास, तो पस्तिसाव्या दिवसाच्या चरबीला येतो. साठ दिवसांचंही एकदा खाल्लं आहे. त्याला निळ्या बुरशीच्या चीजचा वास होता. दोन घास कौतुकाने खाल्ले, तिसरा गिळला. आपल्या जिभेला अठ्ठावीस ते पस्तीस पुरे, असं माझं मत. पुढचे पैसे मिरवायचे.

आता दुकान. कॉर्कच्या इंग्लिश मार्केटमधला एक गाळा. नाव देत नाही, कारण कौतुकासोबत एक तक्रारही आहे आणि माणूस चांगला आहे. मार्केट १७८८पासूनचं, वर छप्पर असलेलं, एक तोंड ग्रँड परेडला आणि दुसरं प्रिन्सेस स्ट्रीटला. इंग्लंडची राणी २०११ साली येऊन गेली, त्याचे फोटो अजून लावलेले दिसतात. पण मला ते आवडतं ते वसईच्या बाजारासारखा ओला वास येतो म्हणून. मासळीचे गाळे, पलीकडे ड्रिशीन म्हणून रक्ताचं जाडजूड सॉसेज, नाताळात मसाला लावलेलं स्पाइस्ड बीफ. अठराव्या शतकात याच शहरातून खारवलेलं गोमांस पिंपांत भरून अटलांटिकपलीकडे जायचं. म्हणजे मांस टिकवायचं कसं, हे इथल्या लोकांना कुणी शिकवायला नको.

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो; त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी गाळ्यावर गेलो. उपवासकाळात आमच्या घरी मांस बंद असतं, तरी बघायला काय हरकत? खाटकाला म्हटलं, ईस्टरच्या आदल्या दिवशी हवाय, पाच माणसांना, फासळीसकट. तो म्हणाला, "मग आजच निवडा. आज टांगला तर बरोबर पस्तीस दिवस होतात." त्याने मागच्या थंड खोलीचं दार उघडलं. खोलीत गुलाबी मिठाच्या विटांची भिंत नव्हती. हल्ली काही दुकानांत ती असते, आतून दिवे सोडलेली. मी तसलं मांसही खाल्लं आहे, मला चवीत काही कळलं नाही. भिंत देखणी असते, एवढं मान्य.

त्याने फासळ्यांचे दोन भाग दाखवले. एक लालभडक, चरबी पातळ, एखाद्या पैलवानासारखा. मी तिकडे बोट दाखवलं. त्याने मान हलवली. युरोपात जनावराच्या धडाला अक्षर आणि आकडा देतात: ई, यू, आर, ओ, पी ही अक्षरं अंगकाठीची आणि १ ते ५ आकडे चरबीचे. त्याचं म्हणणं, गिऱ्हाइकं अंगकाठीवर भाळतात, टांगायला मात्र आकडा बघायचा. वर चरबीचं जाड पांघरूण नसेल तर पस्तीस दिवसांत नुसतं सुकून जातं, तासण्यात निम्मं फुकट. दुसरा भाग हिअरफर्ड जातीच्या जनावराचा होता. रंगाने काळसर, कापलेल्या तोंडावर पांढरे बारीक धागे पसरलेले, कडेची चरबी मात्र पांढरी नाही, लोण्यासारखी पिवळट. मला वाटलं जुनाट आहे. "गवत," तो म्हणाला. गवतातला गाजरासारखा पिवळेपणा चरबीत उतरतो. कोठीत धान्यावर वाढवलेल्या जनावराची चरबी पांढरी राहते. मग त्याने अंगठ्याने चरबी दाबून दाखवली. घट्ट हवी, तेलकट लिबलिबीत नको. बरगड्यांच्या खांद्याकडच्या टोकाला मांसाचे दोन-तीन वेगळे गठ्ठे दिसतात, कमरेकडच्या टोकाला एकच मोठा गोल गठ्ठा, त्याला डोळा म्हणतात. खांद्याकडचा घ्या, तो म्हणाला, त्याच्यावरची टोपी जाड असते. टोपी म्हणजे डोळ्याभोवतीची ती वळलेली पट्टी. तिचं महत्त्व मला खाताना कळलं.

त्याने एका चिठ्ठीवर माझं आडनाव लिहून दोऱ्याने फासळीला बांधलं. आडनाव अर्थातच चुकीचं लिहिलं. सातशे रुपयांचा ब्लाउज शिंप्याकडे टाकल्यासारखं वाटलं, फक्त पावती नव्हती.

पस्तीस दिवस आम्ही तिकडे बघितलंही नाही. शनिवारी आणायला गेलो तर त्याने बाहेरचा काळा थर तासून, आतला भाग उघडा करून करवतीने फासळी तोडली. इथे माझी तक्रार. गर्दी होती, मागे रांग. त्याने सुरी घाईत ओढली. फासळीच्या बाजूला तुकडा सहा सेंटिमीटर, दुसऱ्या टोकाला साडेचार. तिथे दिसलं नाही, कागदात गुंडाळला गेला. घरी ओट्यावर ठेवला तेव्हा तो दाराखाली लावायच्या पाचरीसारखा दिसत होता. ४९ युरो घेताना सरळ कापायला हवा होता. स्टेकचं सगळं गणित जाडीचं असतं. तुकडा पातळ असेल तर बाहेरून भाजेपर्यंत आत शिजून जातो. आणि जाडी दोन टोकांना वेगळी असेल तर एकाच तुकड्यात दोन वेगळे स्वयंपाक करावे लागतात.

त्याच रात्री मीठ लावलं. मी औषधांच्या कारखान्यात क्वालिटीत काम करतो, त्यामुळे मोजल्याशिवाय चैन पडत नाही: जाड मीठ तेरा ग्रॅम, वजनाच्या एक टक्का. सगळ्या बाजूंनी, कडेच्या चरबीलाही. मग जाळीवर ठेवून फ्रिजमध्ये उघडा. झाकायचा नाही. मीठ पहिल्यांदा पाणी बाहेर ओढतं, अर्ध्या-पाऊण तासात ते खारट पाणी परत आत मुरू लागतं, आणि सकाळपर्यंत वरची बाजू कागदासारखी कोरडी होते. कोरडेपणा हवाच. पृष्ठभाग ओला असेल तर ते पाणी उडून जाईपर्यंत तो शंभर अंशांच्या पुढे जात नाही, आणि खरपूस रंग त्याच्या बराच वर, एकशे चाळीसच्या आसपास धरायला लागतो. काळ्या खोक्यातल्या स्टेकचं तेच झालं होतं. मिरी नाही, लसूण नाही. आईने फ्रिज उघडून बघितलं आणि विचारलं, "मसाला विसरलास?"

सकाळी मिस्सेला जाऊन आलो. आईने फुगे, म्हणजे आमचे तळलेले गोल पाव, करायला घेतले होते, पोरं एकेक पळवत होती. मी ओव्हन एकशे वीस अंशांवर लावला. लोक आधी तवा कडक तापवून रस 'आत कोंडतात', असं सांगतात. एकोणिसाव्या शतकात लीबिग नावाच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ती समजूत पसरवली, आणि ती खोटी आहे हे कधीच सिद्ध झालंय. भाजलेल्या कडेतूनही रस गळतो. कडक भाजायचं ते चवीसाठी. म्हणून जाड तुकडा आधी मंद आचेवर आतून तयार करावा आणि शेवटी दोन मिनिटं तव्यावर, हा क्रम मला पटतो. शिवाय ओव्हनमध्ये वरची बाजू आणखी सुकते, तव्यावर वेळ कमी लागतो.

सुईचा थर्मामीटर लावला. अठरा युरोंचा आहे, आणि या सगळ्या भानगडीत एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ती हीच घ्या. बोटाने दाबून, तळहाताशी ताडून बघणारे असतात. त्यांनी आयुष्यात पाचशे स्टेक केलेले असतात. मी सात केलेत. माझी सुई जाड टोकाच्या मधोमध, हाडापासून दूर. हाडाला टेकली की आकडा खोटा. दुसरी सुई, बायकोच्या केकवाली, पातळ टोकात. पन्नास मिनिटांनी जाड टोक ३९, पातळ ४७. तुकडा फिरवून फासळी ओव्हनच्या मागच्या गरम बाजूला केली. आणखी वीस मिनिटांनी ४६ आणि ५३. आता काढायलाच हवा होता. बाहेर काढून दहा मिनिटं तसाच ठेवला, त्यात जाड टोक आपणहून ४९वर गेलं.

तवा आईचा. बिडाचा, तांदळाच्या भाकऱ्यांचा, तिने सामानात साडेतीन किलो वजन खर्चून आणलेला. "तुमच्याकडच्या तव्यांना जीव नसतो," असं तिचं म्हणणं. तापायला दहा मिनिटं घेतो पण एकदा तापला की वर गार मांस ठेवलं तरी हलत नाही, हे खरंच. चूक माझी झाली. भाकरीच्या तव्याला काठ कुठे असतो? मी पहिल्यांदा चरबीची कड चिमट्याने उभी धरली. तिच्यातून चरबी वितळून तव्याच्या मधोमध तळं झालं. मग तुकडा आडवा टाकला आणि ते तळं चारी बाजूंनी शेगडीवर सांडलं. गॅसने पेट घेतला, धुराचा अलार्म किंचाळायला लागला, धाकटी टेबलाखाली, थोरला मोबाइल घेऊन चित्रीकरण करतोय. आईने शांतपणे पुढे येऊन गॅस बंद केला आणि तव्यावर मोठं पातेल्याचं झाकण टाकलं. ज्वाळा विझल्या. मग झाकण काढून म्हणाली, "पलट आता. तवा गरम आहे अजून." बंद गॅसवर, नुसत्या तव्याच्या धगीवर दुसरी बाजू झाली. दीड मिनिट. आणि तीच बाजू जास्त चांगली झाली, अक्रोडाच्या लाकडाच्या रंगाची, एकसारखी. पहिल्या बाजूला एका कोपऱ्यात काळा डाग आणि धुराची कडवट चव राहिली. काठ असलेली खोल कढई घ्या, नाहीतर वितळलेली चरबी वरचेवर वाटीत काढा.

कापताना आधी फासळी सुरीने सोडवली, मग टोपी वेगळी, मग डोळा. प्रत्येक गठ्ठ्याचे धागे वेगळ्या दिशेला धावतात, म्हणून एकत्र कापायचा नाही. धाग्यांना आडवं, करंगळीच्या जाडीचे काप. मधोमध गुलाबी, कडेपासून कडेपर्यंत एकच रंग, तव्याखालची करडी पट्टी जेमतेम तीन मिलिमीटर. मी मनातून सुखावलो.

"रक्त आहे हे," आई म्हणाली.

"रक्त नाही, आई. रक्त कापतानाच निघून जातं. हा स्नायूंमधला लाल रंग आहे, पाण्यात उतरलेला."

"तुला माहीत. मला त्या टोकाचं दे."

त्या टोकाचं म्हणजे पातळ साडेचार सेंटिमीटरचं, जिथे सुई अखेर ६१ला पोचली होती. गुलाबी रंग जवळजवळ गेलेला. तिने एक तुकडा मीठ न लावता खाल्ला, मग फुग्यात भरून दुसरा. काही बोलली नाही. तिसरा घेतला तेव्हा मला बरं वाटलं. खाटकाची वाकडी सुरी अशी कामी आली.

डोळ्याचं मांस चांगलं होतं, कोवळं, बीफचीच चव पण दुप्पट. टोपी मात्र वेगळीच. तिच्यात चरबीचे धागे इतके दाट की दात लागायच्या आत ती विरघळते, आणि मागे तो बेरीचा वास. पाच जणांत टोपीचे जेमतेम दहा काप आले. थोरल्याने तीन उचलले. पुढच्या वेळी ती आधी लपवून ठेवणार आहे. सोबत भाजलेले बटाटे आणि आईची कांद्याची व्हिनेगरमधली कोशिंबीर होती. कोशिंबिरीने चरबीचा जडपणा कापला, बटाटे कुणाला आठवले नाहीत. बायको म्हणाली, मीठ बरोबर, भाजणं नव्वद टक्के, नाटक जास्त.

सोमवारी सुट्टी. सकाळी उठलो तर घरभर बाटली मसाल्याचा वास. आईने फासळी, तासलेली चरबी, ताटांतले उरलेले कडेचे तुकडे सगळं कुकरमध्ये घातलं होतं. सहा शिट्ट्या. भाजलेल्या हाडाचा रस्सा मी आयुष्यात पहिल्यांदा खाल्ला. आमच्याकडे मांस कच्चंच रश्श्यात पडतं, आधी भाजायची पद्धत नाही. इथे भाजलेला काळसर थर रश्श्यात उतरला होता आणि मसाला त्याच्या मागे उभा होता, पुढे नाही. वाटीला पाव लावून पुसलं. किलोला ३८ युरोंच्या हिशेबात ते हाडही धरलेलं असतं, म्हणून टाकू नका, एवढंच.

मंगळवारी गाळ्यावर गेलो, तक्रार करायला. आईही आली. मोबाइलवर त्या पाचरीसारख्या तुकड्याचा फोटो दाखवला. खाटकाने वाद घातला नाही, कान लाल झाले त्याचे. म्हणाला, पुढच्या वेळी गर्दीच्या आधी या, तुमच्यासमोर पट्टी लावून कापतो. दहा युरो परत देऊ केले. मी घेतले.

आई तोवर काचेतून पलीकडे बघत होती. तिथे बैलाच्या शेपटीचे गोल तुकडे रचलेले होते.

"ह्याला विचार," ती म्हणाली, "अख्खी शेपूट मिळेल का. आणि म्हणावं, टांगलेली नको. ताजी दे."